‘दुसरी मावशी पाठवतो’ हे तक्रारीचे उत्तर नव्हे

अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पक्षाघातामुळे परावलंबी झालेल्या माणसाच्या देखभालीसाठी, माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशीविषयी किंवा वॉर्डबॉयविषयी नातेवाइकांनी तक्रार केली, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: ‘काळजी करू नका, उद्यापासून दुसरी मावशी पाठवतो.’ नातेवाइकांना हायसे वाटते, कारण उद्या कोण येणार हीच त्यांची सर्वांत मोठी धास्ती असते. ब्युरोचेही गिऱ्हाईक टिकते. मात्र त्या खोलीत नेमके काय घडले हे कोणी विचारत नाही आणि कोणी लिहूनही ठेवत नाही. ज्या बाईविषयी तक्रार झाली ती दोन दिवसांत दुसऱ्या घरी रुजू होते. तिची खरोखरच चूक असेल तर दुसऱ्या घराला त्याची कल्पना नसते, आणि चूक नसेल तर कोणतीही चौकशी न होता तिच्या नावावर डाग लागलेला असतो. बदली देणे ही सेवा खंडित होऊ नये म्हणून केलेली सोय आहे. ती आवश्यकही आहे. परंतु तिलाच तक्रारीचे निवारण समजण्याची जी रीत पडली आहे, ती मोडली पाहिजे, आणि त्यासाठी राज्य शासनाने घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी आणि तिच्याकडील तक्रारींची लेखी चौकशी बंधनकारक केली पाहिजे, असे माझे मत आहे.

रुग्णालयात निदान काही आधार तरी असतो. पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला रुग्णाची स्थिती सांगते, डॉक्टरांचा राउंड होतो, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण पाहत असतो आणि औषधांची नोंद केसपेपरवर राहते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले आणि स्थानिक प्राधिकरणांकडे तक्रार निवारणाची व्यवस्थाही असावी असे ठरले. मात्र तोच रुग्ण घरी आला, त्याला तीच नाकातली नळी, तोच कॅथेटर आणि तीच दर दोन तासांनी कूस बदलण्याची गरज असली, तरी या सगळ्या संरक्षणाच्या बाहेर पडतो. मानसिक आरोग्याच्या बाबतीतही तसेच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आस्थापनांवर देखरेख ठेवतो, पण माणूस नातेवाइकांसोबत राहतो ते घर त्या व्याख्येतून वगळलेले आहे. घराच्या खाजगीपणाचा मान राखणे योग्यच आहे. तरीही पैसे घेऊन घरात येणारी सेवा ही घराची खाजगी बाब राहत नाही.

येथे तक्रारदार कोण, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. करार करतो मुलगा किंवा सून, पैसे भरते बंगळुरूला किंवा अमेरिकेत असलेली मुलगी, ब्युरो बोलतो त्यांच्याशी. आणि ज्याच्या अंगाला हात लागतो, ज्याला भरवले जाते, ज्याचे डायपर बदलले जाते, तो माणूस या व्यवहारात कोठेच नसतो. नातेवाइकांच्या तक्रारी साहजिकच त्यांच्या नजरेला दिसणाऱ्या गोष्टींच्या असतात: बाई उशिरा आली, फोनवर फार बोलते, दुपारी झोपते, सुट्ट्या फार घेते. रुग्णाच्या तक्रारी वेगळ्या असतात. घास घाईघाईने भरवला जातो, लघवीला लागल्याचे सांगितले तरी डायपर आहे ना म्हणून तसेच पडू दिले जाते, अंग पुसताना दार उघडे राहते, कूस बदलताना दुखेल असे ओढले जाते, आणि पाणी कमी दिले जाते कारण पाणी कमी म्हणजे डायपर कमी. ज्याला हे सोसावे लागते त्यालाच ते सांगण्याची सोय नसते. जिच्याविषयी सांगायचे ती त्याच खोलीत असते, आणि मुलगा कामावर गेला की पुढचे दहा तास तिच्याच हाती असतात.

स्मृतिभ्रंश असेल तर अडचण आणखी वाढते. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडला गेला. अशा माणसाने ‘ही मला मारते’ असे म्हटले, तर ते भ्रमातून आलेले असू शकते, कारण संशय आणि चोरीचे आरोप हे त्या आजाराचेच लक्षण आहे. परंतु ते खरेही असू शकते, आणि ‘त्यांना काही कळत नाही’ एवढ्यावर विषय संपवण्यात सर्वांचीच सोय असते. अशा माणसाची तक्रार पुष्कळदा शब्दांत येतच नाही. ठरावीक व्यक्ती खोलीत आली की अंग आखडणे, अंघोळीला अचानक नकार देणे, जेवण तुटणे, दंडावर बोटांचे वळ उठणे, माकडहाडाजवळची कातडी लाल होऊन दोन दिवसांत बेडसोअर म्हणजे शय्याव्रण होणे, याच त्याच्या तक्रारी होत. त्या वाचणारे कोणी नसेल, तर तक्रार नोंदवण्याचा फोन क्रमांक भिंतीवर चिकटवून काहीही साधत नाही.

कायदाही पैसे देणाऱ्याकडेच अधिक पाहतो. भारतीय दंड संहितेत १८६० पासून ४९१ वे कलम होते आणि आता भारतीय न्याय संहितेत ते ३५७ वे झाले आहे. अल्पवय, मनाची अस्वस्थता, आजार किंवा शारीरिक दुर्बलता यांमुळे असहाय झालेल्या व्यक्तीची देखभाल करण्यास करारान्वये बांधील असलेल्या माणसाने जाणूनबुजून ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. जुन्या संहितेत दंडाची मर्यादा दोनशे रुपये होती, ती आता पाच हजार झाली. नेमक्या याच प्रसंगासाठी लिहिलेले हे कलम पोलिसांच्या रोजच्या वापरात जवळजवळ दिसत नाही, आणि अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलीस त्याचा तपासही करू शकत नाहीत. त्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की या गुन्ह्यात तडजोड करण्याचा अधिकार ज्याच्याशी करार झाला त्याला दिलेला आहे, ज्याची हेळसांड झाली त्याला नव्हे. वडिलांना शय्याव्रण झाले आणि मुलाने ब्युरोशी पैशांत मिटवून घेतले, तर वडिलांना विचारण्याचे कारण कायद्याच्या दृष्टीने उरत नाही.

मग जायचे कोठे? ज्येष्ठांसाठीचा २००७ चा निर्वाह व कल्याण अधिनियम आहे. परंतु उपविभागीय अधिकाऱ्यासमोरचे त्याचे न्यायाधिकरण मुले व वारस यांच्याकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आणि फसवणुकीने गेलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी आहे, पगारी देखभालीच्या गुणवत्तेसाठी नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन माहिती देते, धीर देते आणि छळाच्या प्रकरणात प्रत्यक्ष हस्तक्षेपाचा प्रयत्नही करते. मात्र ब्युरोला जाब विचारण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे ७ वे कलम अधिक उपयोगाचे आहे. दिव्यांग व्यक्तीचा छळ किंवा शोषण होत आहे असे वाटण्यास कारण असणारा कोणीही, म्हणजे शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, बहुतेक तालुक्यांत तहसीलदाराला, कळवू शकतो आणि त्यांनी तत्काळ पाऊल उचलणे अपेक्षित आहे. कंपवात (पार्किन्सन) या अधिनियमाच्या अनुसूचीत नावानिशी आहे. तरीही गृहनिर्माण संस्थेतल्या किती शेजाऱ्यांना, किंबहुना किती डॉक्टरांना, हे कलम ठाऊक आहे?

ग्राहक आयोग हा मार्ग कागदावर सर्वांत सोयीचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि पैसे मुलाने भरले असले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली ती व्यक्तीही ग्राहक ठरते. अडचण अशी की वैयक्तिक नोकरीचा करार ‘सेवा’ या व्याख्येतून वगळलेला आहे. मालक आणि नोकर असे नाते असेल तर तक्रार चालत नाही. संस्थेने व्यावसायिक सेवा पुरवली असेल तर चालते. डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक कायदा लागू करताना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हाच फरक स्पष्ट केला होता. त्यामुळे ‘आम्ही फक्त माणूस मिळवून देतो, पुढचे तुमचे तुम्ही’ असे पावतीच्या मागे छापणारे ब्युरो दर महिन्याला कमिशन घेतात, बदली देतात, सुट्ट्या ठरवतात आणि जबाबदारीच्या वेळी मध्यस्थ होतात. शिवाय आयोगाने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे अधिनियमात म्हटले असले, तरी ज्याची पाठ आज सोलवटली आहे त्याच्यासाठी तीन महिने हा कालावधी निरर्थक आहे. नुकसानभरपाईसाठी आयोग असावाच. घरातले हाल थांबवणे हे त्याचे काम नव्हे.

राहता राहिले पोलीस ठाणे. तेथे चोरीची तक्रार घेतली जाते, कारण बांगड्यांची पावती असते. हेळसांडीची पावती नसते. नातेवाईकही अनेकदा हेच करतात: महिनोन्‌महिने मनात साचलेली नाराजी शेवटी कपाटातल्या पैशांच्या संशयावर येऊन फुटते, आणि मूळ प्रश्न, म्हणजे आजीला दिवसभरात किती पाणी मिळाले हा, तसाच राहतो.

काम करणाऱ्या बाजूचा विचार न करता तक्रारव्यवस्था उभारली, तर ती अन्यायकारक होईल आणि टिकणारही नाही. ब्युरोमार्फत येणाऱ्या बहुतेक स्त्रिया गावाकडून आलेल्या, कुटुंबाचा भार एकटीने ओढणाऱ्या असतात. चोवीस तासांच्या ड्यूटीत रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, साप्ताहिक सुट्टी मिळेलच याची खात्री नसते, जेवण घरातले की स्वतःचे यावरून कुरबुरी चालतात, आणि सत्तर किलोच्या माणसाला एकटीने उचलून तिची स्वतःची कंबर धरलेली असते. अशी बाई दुपारी झोपली, तर दोष तिचा की चोवीस तासांसाठी एकच माणूस नेमणाऱ्या घराचा आणि तसा माणूस पाठवणाऱ्या ब्युरोचा? शय्याव्रण झाले तर कूस बदलली नाही हे एक कारण असू शकते, पण एअर बेड आणलाच नव्हता, आहारात प्रथिने नव्हती, परिचारिकेने एकदाही येऊन तपासले नव्हते, हीही कारणे असू शकतात. चौकशीचा अर्थच हा की कारण शोधायचे. गुन्हेगार शोधणे त्यानंतर येते. शिवाय तिलाही तक्रार करता आली पाहिजे. घरातल्या पुरुषाने अंगाला हात लावला, रुग्णाने मारले, पगार अडवला, या गोष्टी ती आज कोणाला सांगते? घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाण्याची तरतूद आहे, पण ब्युरोने तिला तसे सांगितल्याचे क्वचितच आढळेल. तिचा आरोप ऐकला जाईल अशी खात्री असेल, तरच ती रुग्णाविषयी जे पाहते ते बोलेल. घरातल्याच कोणी आजोबांवर हात उचलला, तर त्याची पहिली साक्षीदार बहुधा तीच असते.

चांगल्या तक्रारव्यवस्थेचा पहिला गुण म्हणजे तक्रारींतला फरक ओळखणे. मावशी रोज अर्धा तास उशिरा येते ही सेवेतली उणीव आहे. ती ब्युरो आणि कुटुंब यांनी बसून सोडवावी. वळ, उपासमार, बांधून ठेवणे, झोपेचे औषध जास्त देणे, बँकेच्या कागदांवर अंगठा घेणे, लैंगिक स्पर्श या गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत. त्यांत ब्युरोने स्वतःच न्यायाधीश होता कामा नये. त्याच दिवशी त्या व्यक्तीला रुग्णापासून वेगळे करून, बदली देऊन, बाहेरच्या यंत्रणेला कळवणे हे त्याचे कर्तव्य असले पाहिजे. आज दोन्ही प्रकारच्या तक्रारींना एकच औषध दिले जाते, आणि म्हणून गंभीर तक्रार किरकोळीत विरून जाते.

यासाठी लागणारे कागद फार नाहीत. रुग्णाच्या उशाशी एक नोंदवही असावी: पाणी किती, जेवण किती, लघवी-शौच, औषधे, कूस कधी बदलली, अंगावर नवी खूण दिसली का. चांगले ब्युरो ती ठेवतातही. तक्रार आल्यावर हीच वही मावशीचा बचावही करते आणि आरोपही सिद्ध करते. काहींना वाटते की कॅमेरा लावला म्हणजे वहीची गरज नाही. मला ते पटत नाही. कॅमेऱ्यासमोर अंग पुसून घ्यावे लागणाऱ्या वृद्ध स्त्रीची अप्रतिष्ठा ही स्वतःच एक तक्रार आहे, आणि तिची संमती न घेता, मावशीला न सांगता तो लावणे अधिकच वाईट. दिवाणखान्यात कॅमेरा असावा की नाही यावर मतभेद होऊ शकतात. खाटेवर रोखलेला कॅमेरा हा देखरेखीचा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. त्याहून उपयोगी आहे ती न सांगता होणारी भेट. ब्युरोच्या परिचारिकेने महिन्यातून निदान एकदा यावे, मावशीला आणि घरच्यांना बाहेर बसवून रुग्णाशी एकटीने बोलावे, बोलता येत नसेल तर पाठ, टाचा आणि दंड तपासावेत, आणि जे दिसले ते सहीनिशी लिहावे.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन वैयक्तिक शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांना केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेकडे नोंदणी करावीच लागते, आणि २०१४ च्या नियमांतला १६ वा नियम प्रत्येक तक्रार स्वीकारून तिची चौकशी करण्याचे बंधन घालतो. ते कमिशन वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही. त्यासाठी वेगळा लोकपाल आहे, आणि २०१० पासून स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्यांच्या तक्रारीही तो पाहतो. आपल्याकडे जवळजवळ सर्वच कुटुंबे स्वतःच्या खिशातून पैसे देतात, म्हणून ही शेवटची बाब मला महत्त्वाची वाटते. सरकारी पैसा नाही म्हणून सरकारी देखरेख नको, हा युक्तिवाद तेथे मान्य झाला नाही.

येथे मात्र सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पाठवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या खाजगी सुरक्षा अभिकरण कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो, रक्षकाची पूर्वपडताळणी करावी लागते आणि त्याला ठरावीक तासांचे प्रशिक्षण द्यावे लागते. आणि त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या बाईंच्या खोलीत माणूस पाठवणाऱ्या ब्युरोला दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद पुरते, कामगार थोडे असतील तर केवळ सूचना दिली तरी भागते. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्यात घरपोच देखभाल पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले, पण मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाले.

राज्याने केंद्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. त्याच अधिनियमाचे २२ वे कलम ज्येष्ठांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी सर्वंकष कृती आराखडा विहित करण्याचे काम राज्य शासनाकडे सोपवते. पोलीस ठाण्यांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवणे, त्यांच्याकडे काम करणाऱ्यांची पडताळणी करणे या गोष्टी त्याच चौकटीत आल्या. देखभाल संस्थांची जिल्हानिहाय नोंद, प्रत्येकीकडे तक्रारवही, गंभीर तक्रार चोवीस तासांत कळवण्याचे बंधन आणि समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात ती घेणारा एक नेमलेला अधिकारी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. साठ वर्षांखालील दिव्यांगांसाठी मात्र या आराखड्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी २०१६ च्या अधिनियमाखाली तसेच नियम करावे लागतील, किंवा दोन्ही वर्गांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा करावा लागेल.

लहान ब्युरो यामुळे बंद पडतील आणि मावशींचे दर वाढतील, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. मध्यमवर्गीय कुटुंबाला आजचा दरच पेलत नाही, आणि नोंदणीचा जाच वाढला तर लोक ब्युरो टाळून ओळखीतून थेट माणूस ठेवतील, जेथे कोणतीच देखरेख नसेल. म्हणून नोंदणी निःशुल्क असावी, अटी थोड्या असाव्यात, आणि तपासणीचा भर कागदांपेक्षा तक्रारींचे काय झाले यावर असावा. ज्या ब्युरोकडे वर्षभरात एकही तक्रार नोंदलेली नाही, त्याला शाबासकी न देता तेथे आधी तपासणी व्हावी. शंभर परावलंबी माणसांच्या घरी सेवा देणाऱ्या संस्थेत वर्षभर कोणालाच काही खुपले नाही, असे होत नाही. थेट नेमलेल्या माणसांच्या बाबतीत त्याच जिल्हा अधिकाऱ्याकडे कुटुंबाला, शेजाऱ्याला, फॅमिली डॉक्टरला आणि स्वतः त्या मावशीलाही जाता आले पाहिजे. आणि तक्रार आल्यावर पहिल्या भेटीत त्या अधिकाऱ्याने खोलीचे दार लोटून, बाकी सर्वांना बाहेर थांबवून, खाटेवरच्या माणसालाच प्रथम विचारले पाहिजे, हे नियमात शब्दशः लिहिलेले असावे.